नागीण उतरवणाऱ्या घरात

"डावा डोळा हातानं झाका आणि समोर बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी झाकला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता म्हणे. मला भिंतच दिसली नाही. भाताच्या पेजेसारखं दाट पांढरं काहीतरी होतं आणि त्याच्यामागं कुठंतरी उजेड होता.

"किती बोटं आहेत?"

"तुमचा हात कुठाय ते आधी सांगा," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घेतला. मग माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली आणि डोळ्यात उभी, पातळ उजेडाची रेघ सोडली. त्या यंत्राला स्लिट लॅम्प म्हणतात. डोळ्याचे पडदे त्यातून मोठे होऊन दिसतात.  माझा नवरा दाराशी उभा होता.

"कपाळाला हा लाल रंग कसला?" त्यांनी विचारलं. विचारलं त्याला, मला नाही.

तो जमिनीकडं बघत राहिला. शेवटी मीच सांगितलं, "लाल मातीची काव आहे. नागिणीची वाट अडवायला रेघ मारलीय."

बाईंनी चष्मा काढला. "याला हर्पीस झोस्टर ऑप्थॅल्मिकस म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही नागीण म्हणता तीच, पण डोळ्याकडं जाणाऱ्या नसेवर आलेली. बुबुळावर जो काचेसारखा पडदा असतो, कॉर्निया, त्याला सूज आहे, जखम आहे. त्यात काहीतरी घातलंयत तुम्ही. काय घातलंत?"

"पाल्याचा रस."

"कसल्या पाल्याचा?"

"ते सांगत नाहीत. सांगितलं की गुण जातो."

"इतके दिवस काय करत होतात तुम्ही? शिकलेल्या दिसता."

त्यांचा राग रास्त होता, आज मला ते कळतं. पण त्या खुर्चीत बसून, अर्धं डोकं विस्तवात धरल्यासारखं जळत असताना, मला त्यांच्या हातातला तो छोटा टॉर्च हिसकावून भिरकावावासा वाटला होता. त्यांना काय माहीत, मी कुठल्या घरातून उठून आले होते.

हे लिहितेय ते ज्यांना पुढं कधी असं अर्धं डोकं जळायला लागेल त्यांच्यासाठी. मला गोड लिहिता येणार नाही. आजारपणानं मला शहाणपण दिलं, माणसं कळली, देव भेटला असलं काही झालेलं नाही. माझा उजवा डोळा गेला आणि मला राग आला. तो राग अजून आहे.

आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडं, खाडीला लागून. भातशेती, हिवाळ्यात वाल, थोडी सुपारी. नवरा टेम्पो चालवतो. शनिवार-रविवारी मुरूडला येणाऱ्या पर्यटकांसाठी मी घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते. पण पंचक्रोशीत आमचं घर ओळखलं जातं ते माझ्या सासऱ्यांमुळं. ते नागीण उतरवतात. त्यांचे वडील उतरवायचे, आजोबा उतरवायचे.

दर रविवारी सकाळी आमच्या ओटीवर माणसं बसलेली असतात. तळा गावाहून येतात, दिघीहून फेरीबोटीनं येतात, मुंबईहून मांडव्याला उतरून गाडी करूनही येतात. बाबा पैसे घेत नाहीत. नारळ तेवढा देवापुढं ठेवायचा. फुकट करतात म्हणून लोकांचा विश्वास जास्त. जो पैसे घेत नाही तो कशाला खोटं बोलेल, असं लोकांना वाटतं. मलाही लग्न होऊन आल्यापासून तसंच वाटत होतं. पाला मीच वाटायचे. पहाटे बाबा स्वतः तोडून आणायचे, कसला ते ओळखू येऊ नये म्हणून चुरडून, टोपलीवर फडकं टाकून, आणि पाट्यावर माझ्यासमोर ठेवायचे.

सुरुवात कपाळापासून झाली. उजव्या बाजूला, केसांच्या कडेला कंगवा लागला की चटका बसल्यासारखं व्हायचं. वरून काही दिसत नव्हतं. दोन दिवसांत दुखणं भुवईपर्यंत उतरलं. सासूबाई म्हणाल्या, अर्धशिशी आहे, आणि सुंठ उगाळून कपाळाला लावली. आग आणखी वाढली. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणली, तिचा उपयोग झाला नाही. वालाच्या शेंगा सोलायला बसले होते, तर वाऱ्यानं केसाची एक बट कपाळावर आली आणि मी ओरडलेच.

मग बारीक लाल फोड आले. केसांपासून भुवईपर्यंत, द्राक्षाच्या घोसासारखे एकाला एक चिकटून. सगळे उजव्या बाजूलाच. सासूबाईंनी उजेडात नेऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "नागीन हाय," त्या म्हणाल्या आणि बाबांना हाक मारली.

बाबांनी मला ओटीवर बसवलं, जिथं ते सगळ्यांना बसवतात तिथंच. हात न लावता बघितलं. "शेपूट केसांत हाय. तोंड नाकाकडं चाललंय. येलेवर दाखवलं." मग काव पाण्यात कालवून भुवईच्या खाली एक जाड रेघ मारली. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस दगावतं, म्हणून तोंडापुढं रेघ मारून तिला अडवायचं. मग पाल्याचा लेप, तोंडानं काहीतरी पुटपुटणं. तेही कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नसतं.

पथ्यं सासूबाईंनी सांगितली. मीठ नाही, मासे नाहीत, घरात फोडणी द्यायची नाही, अंघोळ नाही, उजेडात यायचं नाही. मला आतल्या खोलीत ठेवलं. खिडकीला चादर लावली. जेवणाच्या ऑर्डरी नवऱ्यानं फोन करून नाकारल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "एकदा मुरूडला डॉक्टरांना दाखवून येऊ या का? औषध बाबांचंच घेऊ. नुसतं दाखवू."

तो म्हणाला, "लोक लांबलांबून आपल्याकडं येतात, नि आपल्या घरची सून डॉक्टरकडं? उद्या कोन येल ओटीवर?"

हे वाक्य मी विसरणार नाही. तो वाईट माणूस नाही. मला मारत नाही, दारू पीत नाही, माझ्या आजारात त्यानं स्वतः भात शिजवला, अळणी आणि कच्चा. पण त्या क्षणी त्याच्यापुढं बायकोचं कपाळ नव्हतं, घराची ओटी होती. घरात आजारी पडणाऱ्या बायांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या दुखण्यापुढं कुणाची तरी अब्रू येऊन उभी राहते, आणि ती हलायला तयार नसते.

पुढं पापणी सुजली. सकाळी डोळा उघडेचना. नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बाबांची रेघ ओलांडून आला होता. बाबांनी पाहिलं आणि दुसरी रेघ मारली, नाकावरून. "पथ्य मोडलं असेल," ते सासूबाईंना म्हणाले. मी तिथंच बसले होते.

"मी काही मोडलं नाही," मी म्हटलं.

"मग कोनाची तरी सावली पडली."

त्या दिवशी त्यांनी पाल्याचा रस डोळ्यात सोडला. सासूबाईंनी पापणी दोन बोटांनी फाकवली. मी किंचाळले, पाय झाडले. शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"आग व्हतेय म्हंजे विष जलतंय," बाबा शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक गोष्ट झाली जी घरात सगळ्यांना चांगली वाटली. डोळ्याची आग थांबली. कपाळ जळत होतं, पण डोळ्यात रस सोडला तर काहीच कळेना, पाणी सोडल्यासारखं. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. जे एवढं जळत होतं ते एकदम गप्प कसं झालं?

पापणी थोडी उघडत होती. मी चांगला डोळा झाकून चादरीच्या फटीतून अंगण बघितलं. अंगण नव्हतं. धुकं होतं.

तो रविवार होता. ओटीवर माणसं यायला लागली होती. मी उठले, साडी बदलली, पर्स घेतली. आतल्या खोलीतून बाहेर जायचं तर ओटीवरूनच जावं लागतं, आमच्या घराला मागचं दार नाही. मी बाहेर आले तेव्हा दहा-बारा माणसं बसली होती. कुणाच्या कमरेवर नागीण, कुणाच्या छातीवर. बाबा एका म्हाताऱ्याच्या पाठीवर रेघ मारत होते. मला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्या कपाळावर, नाकावर लाल काव, एक डोळा सुजून मिटलेला, केस आठवडाभर न विंचरलेले.

"कुठं चाललीस?" बाबांनी विचारलं.

"दवाखान्यात."

"आत जा."

"मला दिसत नाही बाबा."

"पथ्य मोडून उनात आलीस. आता काय झालं तर माझ्याकडं बोट दाखवायचं न्हाय."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "लोकांसमोर तरी असं नको करू गं." ओटीवरची एक बाई म्हणाली, "बाबा सांगतात तर ऐका ना. आम्ही इतक्या लांबून आलोय." मी तिच्याकडं वळून म्हटलं, "मी याच घरात राहते. तुम्हीही ऐका, उठा इथून." ती उठली नाही. कुणीच उठलं नाही. माझ्याकडं बघूनसुद्धा उठलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

एका डोळ्यानं पायरीचा अंदाज येत नाही. शेवटच्या पायरीवर माझा पाय चुकला आणि मी हातावर पडले. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी उठले आणि रस्त्याला लागले.

सहा आसनी रिक्षानं मुरूड गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी बघून लगेच गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "इथं थांबू नका. आजच्या आज अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळा धोक्यात आहे असं समजायचं, कारण दोन्हीकडं जाणारी नस एकच." मी स्टँडवर एसटीची वाट बघत होते तेव्हा नवरा टेम्पो घेऊन आला.

"तमाशा करायची गरज होती?" तो म्हणाला.

मी टेम्पोत बसले. आम्ही अलिबागला निघालो. काशीदच्या चढावर त्यानं खिडकीची काच माझ्या बाजूनं वर केली, वारा लागू नये म्हणून. मी ते बघितलं.

डॉक्टरबाईंनी मला दाखल करून घेतलं. औषध अॅसायक्लोव्हिर, शिरेतून. ते विषाणूची वाढ थांबवतं. फोड आल्यापासून पहिल्या बहात्तर तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, असं त्यांनी सांगितलं. ती वेळ मी चादर लावलेल्या खोलीत काढली होती. डोळ्यात तासातासाला थेंब. नर्स कापसानं काव पुसत होती, ती सहजी निघत नव्हती.

एकदा तपासताना बाईंनी कापसाचा बारीक तंतू माझ्या बुबुळाला लावला.

"लागलं?"

"तुम्ही लावलात का?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. बुबुळाची नसच मेली होती. म्हणून रस जळायचा थांबला होता. घरात दिवा लागला तो यासाठी.

"आता या डोळ्यात कचरा गेला तरी तुम्हाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "रोज आरशात बघायचं, लाल झालाय का. पडद्यावर डाग राहील. काही महिन्यांनी बघू, पडदा बदलता येतो का. पण ज्या डोळ्याला संवेदना नाही त्याचं ऑपरेशन टिकेल असं मी आत्ता सांगू शकत नाही."

मी विचारलं, "रस घातला नसता तर?"

"मग कदाचित एवढं झालं नसतं. लवकर आल्या असतात तर नक्कीच झालं नसतं." पहिल्या दिवसाचा त्यांचा आवाज आता नव्हता. "तुम्ही माझ्यावर चिडलेल्या आहात."

"सगळ्यांवर," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो मणक्याजवळ, मेंदूजवळ नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या नसेवरून बाहेर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूला असते. म्हणून फोड एकाच बाजूला येतात.

"ती मध्यरेषा ओलांडत नाही," बाई म्हणाल्या. "तोंड आणि शेपूट मिळतच नाहीत. कुणी रेघ मारली नाही तरी मिळत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप सुकते."

मी छताकडं बघत पडून राहिले. आमच्या ओटीवर बरी होऊन गेलेली सगळी माणसं डोळ्यांपुढं आली. नारळ घेऊन पुन्हा पाया पडायला आलेली. बाबांनी तीन पिढ्या जिला अडवलं, ती पुढं जाणारच नव्हती. आणि ज्यांचं बिघडलं त्यांनी पथ्य मोडलं होतं, त्यांच्यावर सावली पडली होती, ते परत ओटीवर आलेच नाहीत. आम्हाला ते कधी दिसलेच नाहीत.

घरी सोडल्यावर दर आठवड्याला तपासायला जावं लागे. एकदा तिथल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून आलेली. माझं कपाळ बघून म्हणाली, "नागीण झाली होती ना? अहो, मग इथं कशाला आलात? मुरूडच्या पुढं एक बाबा आहेत. माझ्या जावेची त्यांनीच उतरवली. पैसापण घेत नाहीत."

"ते माझे सासरे," मी म्हटलं. "हा डोळा त्यांनीच घालवला."

ती बाई जरा सरकून बसली आणि मग उठून दुसऱ्या बाकावर गेली.

फोड सुकले, पण दुखणं गेलं नाही. याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. म्हणजे जखम बरी झाली तरी नस दुखत राहते. कपाळावर पदर लागला तरी विजेचा झटका बसतो. पंख्याचा वारा सोसत नाही. त्यावर प्रीगॅबालिन नावाची गोळी आहे, तिनं दुखणं कमी होतं आणि दिवसभर गुंगी येते. चहा ओतताना कपाच्या बाहेर जातो. सुरमईचा तुकडा पाडताना सुरी कुठं पडेल ते कळत नाही, एकदा अंगठा कापून घेतला. ऑर्डरी पुन्हा सुरू केल्या आहेत, पण पूर्वी एकटी वीस पानं वाढायचे, आता नवरा सोबत उभा राहतो. बोलत नाही. भांडी उचलून देतो.

आणि भेटायला येणारी माणसं. हातात फळं आणि तोंडात उपाय. डाग जायला मध घाला, कांद्याचा रस घाला, गुलाबपाणी घाला, आमच्याकडं एक मुळी आहे ती उगाळून घाला. चुलत सासूबाईंनी तर बाटलीच आणली होती. मी म्हटलं, "आधी तुमच्या डोळ्यात घाला. आठवडाभर बघू, मग माझ्या." त्या चहा न घेता गेल्या. त्यानंतर उपाय यायचे कमी झाले, माणसंही कमी झाली. मला चाललं.

बाबांशी बोलणं व्हायचंच होतं. एका सकाळी ते ओटीवर विळ्याला धार लावत बसले होते. मी त्यांना डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. नस, कांजिण्या, एकच बाजू.

"ती कधीच मिळणार नव्हती बाबा. रेघ मारली काय, न मारली काय."

ते विळा घासत राहिले. "माझ्या आज्यापासून चाललंय ह्ये."

"म्हणून खरं होत नाही."

"हजार मान्सं बरी झाली या ओटीवर."

"ती घरी बसूनही बरी झाली असती. मी नाही झाले. माझं काय?"

"तू मधनंच उठलीस," ते म्हणाले. पण माझ्याकडं बघून नाही.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. जेवण वाढायचं, ताट उचलायचं. सासूबाई मधे बसून दोघांकडं बघायच्या. रविवारी ओटी भरतच होती. एका सुनेचा डोळा गेल्यानं काही फरक पडत नाही. गावात बोललं जात होतं की सुनेनं पथ्य मोडलं आणि भर उन्हात उठून गेली, म्हणून नागीण डोळ्यात शिरली. काही बायकांनी मला हे तोंडावर सांगितलं.

मग मी रविवारी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायला लागले. येणाऱ्याला विचारायचे, कुठं आलीय? कमरेवर, छातीवर असली तर म्हणायचे, आधी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू करा, मग काय वाटेल ते करा. तोंडावर, डोळ्याच्या बाजूला असली तर आत जाऊ द्यायचे नाही. माझा डोळा दाखवायचे. लोक चिडायचे. एकानं मला वेडी म्हटलं. नवरा म्हणाला, "घरातच दुश्मन बसवलाय असं वाटतं लोकांना." मी म्हटलं, "बरोबर वाटतं."

पावसाळा संपून भात कापायला आला होता तेव्हाची गोष्ट. दिघीकडचं एक जोडपं आलं. नवरा पन्नाशीचा, होडीवर काम करणारा, कपाळावर उपरणं बांधलेलं. त्यानं उपरणं सोडलं आणि मी खुर्चीतून उठले. तेच कपाळ, तीच बाजू, पापणी सुजायला लागलेली.

"अलिबागला जा," मी म्हटलं. "आत्ता. इथं थांबू नका."

बायको माझ्या अंगावर आली. "पहाटे निघालोय आम्ही. बाबांना भेटू दे. तू कोन अडवनारी?" तिनं मला बाजूला सारलं आणि नवऱ्याचा हात धरून ओटीवर नेलं. मी मागोमाग गेले. आज काय व्हायचं ते होऊ दे, पण मी या माणसाच्या डोळ्यात रस पडू देणार नव्हते. पाट्यावर ठेवलेला पाला उचलून अंगणात फेकायचा, एवढं मी ठरवलं होतं.

बाबांनी त्या माणसाला बसवलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. बराच वेळ बघितलं. कावेची वाटी जवळच होती. त्यांनी तिला हात लावला नाही.

"तोंडावरची मी घेत न्हाय," ते म्हणाले.

बाई गोंधळली. "बाबा, आम्ही लांबून..."

"आमच्या घराण्याला तोंडावरची चालत न्हाय. देवाचा तसा हुकूम हाय. कमरेची घेतो, पाठीची घेतो. तोंडावरची न्हाय." मग माझ्या नवऱ्याला हाक मारली, "टेम्पो काढ. ह्यांना अलिबागला सोड. दिवस मावलायच्या आत पोचले पायजेत."

असला काही हुकूम नव्हता. वीस वर्षांत मी त्या ओटीवर किती चेहरे रंगवलेले पाहिले होते. त्यांनी तो हुकूम तिथं बसल्या बसल्या तयार केला, सगळ्यांसमोर, मान खाली न घालता. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

मी आत जाऊन त्या दोघांना पाणी आणून दिलं. डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं, कुठल्या दारानं आत जायचं ते सांगितलं. टेम्पो गेला. बाबा पुढच्या माणसाची पाठ बघायला लागले.

तेव्हापासून आमच्याकडं तोंडावरची नागीण घेत नाहीत. सगळीकडं माहीत झालंय ते. फाटकापाशी मला बसावं लागत नाही. कमरेच्या, पाठीच्या अजून घेतात, आणि त्यावरून माझं आणि घराचं भांडण चालूच आहे. मी डॉक्टरांच्या गोळ्यांचं सांगत राहते. काही ऐकतात.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. अर्धं कपाळ जळायला लागलं, कंगवा सोसेना, तर कुणाला विचारू नका. सासूला नाही, नवऱ्याला नाही, देवालाही मागाहून विचारा. उठा आणि जा. घराला मागचं दार नसेल तर पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत जा. डॉक्टर रागावतील. रागावू द्या. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरलेले नाही. त्या रागावल्या, पण स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि मला सगळं समजेल असं सांगितलं. असं मला दुसऱ्या कुणीही कधी सांगितलेलं नव्हतं.

परवा जेवताना बाबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "तो दिघीचा होडीवाला. त्याचा डोला?"

कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी बोलत होते.

"वाचला," मी म्हटलं. "परत कामावर जातो."

त्यांनी मान हलवली आणि भात कालवायला लागले. माझ्या डोळ्याबद्दल त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली आणि माझं ताट घेऊन बसले.